हे चित्र कुणाचं?



आजचा विषय व्यक्तिचित्राचा आहे, पण सुरुवात आपण व्याकरणापासून करू. एखाद्या घरी भिंतीवर तैलचित्र टांगलेले आहे आणि पाहुण्याने विचारले, 'हे चित्र कुणाचं हो?', तर आपल्या मराठीत या साध्या प्रश्नाला तीन उत्तरे देता येतात. 'आमच्या आजोबांचं' हे एक. 'हळदणकरांचं' हे दुसरे, म्हणजे ज्याने काढले त्याचे. आणि 'आमचंच आहे, विकायचं नाही' हे तिसरे. तिन्ही उत्तरे बरोबर. षष्ठीचा एकच प्रत्यय तीन वेगवेगळे संबंध निमूटपणे सांभाळतो. काढणारा, बसणारा आणि बाळगणारा, तिघांनाही आपण त्याच 'चं'वर बसवले आहे.

व्याकरणाला हे चालते. समीक्षेला चालू नये. कारण व्यक्तिचित्राबद्दल जे काही लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक काढणाऱ्याबद्दल असते. त्याचा फटकारा, त्याचा रंगलेप, त्याचा छायाप्रकाश. बसणाऱ्याबद्दल आपण एकच प्रश्न विचारतो: 'सारखं आलंय का?' तो प्रश्न विचारून झाला की बसणाऱ्याचे काम संपले. आमचे आजचे म्हणणे असे, की व्यक्तिचित्र हे दोन माणसांमध्ये घडलेल्या एका व्यवहाराची नोंद असते, आणि त्या व्यवहारात बसणाऱ्याचाही वाटा असतो. तो वाटा कोणता, त्याचा हक्क कुठवर जातो आणि कुठे थांबतो, हे तीन-चार उदाहरणांनी तपासू.

पहिले उदाहरण बाळगणाऱ्याचे. १९५४ साली विन्स्टन चर्चिल ऐंशी वर्षांचे झाले. ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सभासदांनी वर्गणी काढून त्यांचे चित्र करून घ्यायचे ठरवले आणि ग्रॅहम सदरलंड या चित्रकाराला एक हजार गिनींचे काम दिले. सदरलंड चार्टवेलला, चर्चिल यांच्या घरी गेले, तिथे रेखाटने आणि अभ्यासचित्रे केली आणि मोठे चित्र मात्र आपल्या स्टुडिओत बसून पुरे केले. ३० नोव्हेंबरला, वाढदिवसाच्या दिवशी, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये समारंभ झाला. चित्रात एक थकलेला, जड झालेला म्हातारा खुर्चीचे हात घट्ट धरून बसला आहे. चर्चिल यांनी भाषणात 'आधुनिक कलेचा विलक्षण नमुना' अशा अर्थाचे शब्द वापरले आणि सभागृह हसले. ते कौतुक नव्हते हे सगळ्यांनाच कळले. चित्र चार्टवेलला गेले आणि पुन्हा कुणाला दिसले नाही. क्लेमेंटाइन चर्चिल वारल्यानंतर, १९७८ च्या सुमारास उघड झाले, की त्यांच्याच इच्छेने ते फार पूर्वी नष्ट करण्यात आले होते. आज उरली आहेत ती सदरलंड यांची रेखाटने, अभ्यासचित्रे आणि चित्राची छायाचित्रे.

आता इथे काय घडले? तीन षष्ठ्या एकमेकींवर आदळल्या. चित्र चर्चिल यांचे होते, कारण चेहरा त्यांचा. चित्र त्यांच्याच मालकीचे होते, कारण भेट त्यांना मिळाली. आणि चित्र सदरलंड यांचे होते, कारण पाहिले त्यांनी. पहिल्या दोन षष्ठ्यांनी मिळून तिसरीला जाळून टाकले.

पुष्कळ लोक इथे चित्रकाराची बाजू घेतात आणि विषय मिटवतात. आमचे मन तितक्या लवकर मिटत नाही. म्हातारपण, थकवा, सत्ता हातातून सुटत चालल्याची जाणीव, या गोष्टी भर सभेत, टाळ्यांच्या गजरात, स्वतःच्या वाढदिवशी पाहायला लागणे ही साधी गोष्ट नाही. दुखावले जाण्याचा माणसाला हक्क आहे. पण दुखावले जाणे म्हणजे चित्र खोटे ठरणे नव्हे. 'मला हे आवडले नाही' आणि 'हे असे नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे कळते, आणि घरात कुणी आपला फोटो काढला की आपण सगळेच हे विसरतो. 'छे, मी अशी दिसतच नाही!' अहो, पण स्वतःचा चेहरा आयुष्यात थेट न पाहिलेला या खोलीतला एकमेव माणूस म्हणजे तुम्हीच. बाकी सगळ्यांनी पाहिलाय.

म्हणून बसणाऱ्याचा हक्क कोणता, याचे पहिले उत्तर नकारार्थी आहे. चित्राला मान्यता देण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क त्याच्याकडे नाही. साक्षीदाराची साक्ष ऐकून आरोपीला राग येऊ शकतो, पण साक्ष त्याला फाडता येत नाही.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे काढणारा सर्वेसर्वा झाला. त्याने काहीही काढावे आणि बसणाऱ्याने सोसावे. म्हणून दुसऱ्या उदाहरणाकडे जाऊ. त्यासाठी तीनशे वर्षे मागे, रोमला जावे लागेल.

१६५० साली स्पेनच्या राजाचा चित्रकार दिएगो वेलास्केस रोममध्ये होता. त्या एका वर्षात त्याने केलेली दोन व्यक्तिचित्रे आज जगातल्या थोर व्यक्तिचित्रांत गणली जातात. एक दहाव्या पोप इनोसंट यांचे. ते रोमच्या दोरिया पाम्फिली संग्रहात आहे. दुसरे हुआन दे पारेहा याचे. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. पोप त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य माणसांपैकी एक. आणि पारेहा? तो वेलास्केसचा गुलाम होता. आफ्रिकी वंशाचा, मालकाच्या चित्रशाळेत राबणारा.

पोपच्या चित्राबद्दल अशी आख्यायिका आहे, की ते पाहून पोप म्हणाले, 'फारच खरे आहे!' खरोखर म्हणाले की नाही ते सोडून द्या. आख्यायिका टिकली, कारण चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाला ते वाक्य सुचते. लाल वस्त्रातला, ओठ आवळलेला, संशयी नजरेचा माणूस. त्याच्या हातात एक कागद आहे, आणि त्या कागदावर चित्रकाराचे नाव आहे. पण पोप हे चित्र फाडू शकत होते, आणि त्यांनी ते ठेवले. बसणाऱ्याकडे सत्ता असूनही त्याने साक्ष सोसली, याचे हे उदाहरण.

पारेहाची गोष्ट निराळी. त्याला 'बसशील का?' असे विचारण्याची गरजच नव्हती. आणि तरीही त्या चित्रात पाहा. अंग किंचित वळलेले, एक हात छातीशी आडवा धरून झगा सावरलेला, पांढरी लेसची कॉलर, आणि नजर सरळ आपल्याकडे. ती नजर खाली झुकत नाही. १९ मार्च १६५० रोजी हे चित्र रोमच्या पँथिऑनमध्ये प्रदर्शनात मांडले गेले आणि त्याची वाहवा झाली.

समीक्षक या चित्राबद्दल एक वाक्य हमखास लिहितात: 'वेलास्केसने आपल्या गुलामाला प्रतिष्ठा दिली.' आमचा आक्षेप त्यातल्या 'दिली' या क्रियापदाला आहे. प्रतिष्ठा ही चित्रकाराच्या पेटीतली वस्तू नाही, की त्याने ती काढून समोरच्याला द्यावी. ती पारेहाकडे होती. वेलास्केसने ती पाहिली आणि पाहिलेले खोटे केले नाही, एवढे श्रेय त्याचे. ते श्रेय मोठे आहेच. पण ज्याला ती दिसली, तोच त्या माणसाचा मालक होता, हेही विसरून चालणार नाही. वाहवा मार्चमध्ये झाली. मुक्तीचा दस्तऐवज झाला २३ नोव्हेंबरला, आठ महिन्यांनी, आणि त्यातही अट होती, की आणखी चार वर्षे सेवा करावी लागेल. डोळ्याला जे कळले ते कायद्याच्या कागदावर यायला आठ महिने, आणि अंमलात यायला वर चार वर्षे. चित्र थोर आहे म्हणून हा हिशेब माफ होत नाही, आणि हिशेब असा आहे म्हणून चित्र लहान होत नाही. समीक्षेने दोन्ही एकाच वेळी धरून ठेवायचे असतात. आपल्याकडे बहुधा एक हात सुटतो.

या गोष्टीचा शेवट मात्र ऐकण्यासारखा आहे. मुक्त झाल्यावर पारेहा स्वतः चित्रकार म्हणून पुढे आला. १६६१ साली त्याने एक मोठे चित्र केले, 'संत मॅथ्यूला बोलावणे'. ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्या चित्राच्या डाव्या कडेला एक माणूस उभा आहे, आणि तो आपल्याकडे पाहतो आहे. तो पारेहा स्वतः. त्याच्या हातात कागद आहे, आणि कागदावर त्याचे स्वतःचे नाव. पोपच्या हातातल्या कागदावर चित्रकाराचे नाव होते. इथे बसणारा आणि काढणारा एकच झाला आहे, आणि नावासाठी दुसऱ्या कुणाची गरज उरलेली नाही. समीक्षकांनी असेही दाखवले आहे, की या स्वचित्रातला पारेहा वेलास्केसच्या पारेहापेक्षा वर्णाने उजळ आणि रूपाने निराळा आहे. मग 'खरा' पारेहा कोणता? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. एक पाहिला गेलेला पारेहा आहे, आणि दुसरा स्वतःला मांडणारा. एका माणसाला या दोन्हींची गरज असते.

आता तिसरे उदाहरण, आणि हे आमच्या बिरादरीतले आहे. कारण यात खुर्चीवर बसलेला माणूस तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता.

इसाकू यानाइहारा हे जपानी प्राध्यापक फ्रान्समध्ये अभ्यासासाठी आले होते. पॅरिसमध्ये त्यांची अल्बेर्तो जाकोमेत्ती या शिल्पकार-चित्रकाराशी मैत्री झाली. १९५६ च्या शरद ऋतूत ते मायदेशी निघायच्या बेतात होते. जाकोमेत्ती म्हणाले, जाण्यापूर्वी थोडे दिवस बसा. ते बसले. चित्र होईना. जाणे पुढे ढकलले. पुन्हा ढकलले. डिसेंबर उजाडला. जाकोमेत्ती रोज काढायचे आणि रोज पुसायचे. जितके पाहावे तितका चेहरा निसटतो, असे त्यांचे होऊन बसले. यानाइहारा परत गेले; पण पुढे १९६१ पर्यंत अनेक उन्हाळ्यांत ते पॅरिसला येत राहिले आणि त्याच खुर्चीवर बसत राहिले. एकूण बैठका दोनशेच्या वर भरतात.

दोनशे बैठका! 'बसणे' हा शब्द आपण फार हलका वापरतो. 'नुसता बसून असतो' म्हणजे काही करत नाही. पण चित्रकारासमोर तासन्‌तास बसून पाहा. मान अवघडते, पायाला मुंग्या येतात, नाकाच्या शेंड्याला नेमकी तेव्हाच खाज सुटते, आणि मन दहा दिशांना पळते. जाकोमेत्तींच्या स्टुडिओत तर खुर्चीच्या पायांच्या खुणा जमिनीवर रंगाने केलेल्या असत, म्हणजे ती जागची तसूभर हलू नये. अशा ठिकाणी न हलणे ही कृती आहे. ते श्रम आहेत.

सेझानचे उदाहरण इथे शेजारी ठेवण्यासारखे आहे. आंब्रोआझ व्होलार हा त्याचा चित्रविक्रेता. १८९९ साली त्याचे चित्र करताना सेझानने त्याला, व्होलारच्याच सांगण्यानुसार, एकशे पंधरा वेळा बसवले. बसल्या बसल्या व्होलारला झोप लागली, तेव्हा सेझान खवळला. सफरचंदासारखे बसा, सफरचंद कधी हलते का, असा त्याचा युक्तिवाद. आणि एवढे करून चित्र अपुरेच सोडले, सदऱ्याच्या पुढच्या भागाबद्दल तेवढे समाधान व्यक्त केले! किस्सा गमतीचा आहे. पण त्यात एक गंभीर भूमिका आहे. समोरचा माणूस आणि सफरचंद यांत चित्रकाराला फरक करण्याचे कारण नाही, दोन्ही दृश्य वस्तू.

सार्त्र यांचे तत्त्वज्ञान वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येते. त्यांच्या १९४३ च्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या ग्रंथात दुसऱ्याच्या नजरेवर मोठे प्रकरण आहे. दुसरा माझ्याकडे पाहतो, त्या क्षणी मी त्याच्या जगातली एक वस्तू होऊन जातो, असा त्याचा ढोबळ आशय. म्हणजे पाहणे हा एक प्रकारचा झगडाच. गंमत अशी, की सार्त्र हे जाकोमेत्तींचे मित्र, त्यांच्यावर लिहिणारे. आणि जाकोमेत्तींच्या स्टुडिओत जे घडत होते, ते या सिद्धान्ताला छेद देणारे होते. चटकन टाकलेल्या नजरेबद्दल सार्त्र बरोबर आहेत. रस्त्यात कुणी एकटक पाहिले की आपण अवघडतो. पण दोनशे बैठकांच्या नजरेचे काय? तिथे उलटे होते. इतका वेळ पाहिल्यावर समोरचा माणूस वस्तू होत नाही, तो वस्तू व्हायलाच तयार होत नाही. सफरचंद पाहून संपते. माणूस पाहून संपत नाही. जाकोमेत्तींचे पुसणे ही त्याची कबुली आहे.

याचा आणखी एक पुरावा. १९६४ साली जेम्स लॉर्ड हा अमेरिकी लेखक जाकोमेत्तींसमोर बसला. एका दिवसात होईल म्हणून सुरू झालेले चित्र अठरा बैठका चालले. लॉर्ड रोज चित्राचे छायाचित्र घेत असे. हळूहळू त्याच्या लक्षात आले, की पुसणे आणि पुन्हा काढणे याला एक लय आहे, आणि विशिष्ट कुंचला हातात आला की पुसण्याची पाळी येणार. शेवटच्या दिवशी, चित्र चांगले उभे राहिलेले असताना आणि पुसण्याआधी, तो उठला आणि बैठक थांबवली. चित्र तिथे संपले. आता सांगा, ते चित्र पुरे कुणी केले? रंग सगळा जाकोमेत्तींचा. पण 'पुरे' हा शब्द बसणाऱ्याचा.

तेव्हा बसणाऱ्याच्या हक्काचे दुसरे, होकारार्थी उत्तर हे: आपल्याला वेळ देऊन पाहिले जावे, हा त्याचा हक्क. आवडेल असे काढले जावे, असा त्याला हक्क नाही. पण न पाहताच काढले जाऊ नये, असा निश्चित आहे. चर्चिल यांच्या चित्राकडे पुन्हा वळून पाहिले तर हेच विचारावेसे वाटते. ते क्रूर होते का, हा प्रश्न दुय्यम. मोठे चित्र घडत होते तेव्हा चर्चिल समोर नव्हते, आणि ते समारंभात येऊन आदळले, तेव्हा मधला सगळा सहवास गळून गेला होता. बसणाऱ्याला निकाल मिळाला. सुनावणीचा वाटा मात्र कमी मिळाला.

आता आपल्या घराकडे येऊ. सुरुवातीला हळदणकरांचे नाव घेतले ते उगीच नाही. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर. त्यांचे 'ग्लो ऑफ होप' तुम्ही पाहिलेले आहे, मूळ नाही तर कॅलेंडरवर तरी. हातात समई घेतलेली तरुणी, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड. जलरंगातले काम; म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हे चित्र कुणाचं, असे विचारले तर वर्षानुवर्षे असंख्य लोक ठामपणे सांगत आले, 'रविवर्म्याचं!' काढणाऱ्याची षष्ठी अशी हरवली. आणि चित्रात कोण, तर 'दिवेवाली बाई'. बसणाऱ्याचीही हरवली. ती हळदणकरांची मुलगी गीता. लग्नानंतरच्या गीता उपळेकर. त्यांनी वयाची शंभरी ओलांडली, २०१८ साली त्या गेल्या. म्हणजे एवढ्या प्रसिद्ध चित्रातली व्यक्ती कालपरवापर्यंत कोल्हापुरात आपल्यामध्ये होती, आणि आपण कॅलेंडर उलटत होतो. त्या चित्रात जो निवांतपणा आहे, त्यात बापाच्या कौशल्याइतकाच मुलीच्या विश्वासाचाही भाग आहे, असे आम्हाला वाटते. परक्यासमोर समई धरून उभे राहणारी मुलगी वेगळी उभी राहिली असती.

आणि आता शेवटचा मुद्दा, थोडा कडू. आपल्या महाराष्ट्रातली सभागृहे, ग्रंथालये, नगरपालिका, महाविद्यालये डोळ्यांसमोर आणा. तैलचित्रांची रांगच्या रांग. पगडी, उपरणे, कोट, चष्मा. ओठांवर ना हसू ना गंभीरपणा असा मधला भाव. यांतली किती चित्रे समोर माणूस बसवून केलेली आहेत? फार थोडी. बहुतेक फोटोवरून. गेलेल्या माणसाचे फोटोवरूनच करावे लागणार, त्याला इलाज नाही आणि त्यात पापही नाही. पण हयात असलेल्यांचीही फोटोवरूनच होतात. कारण विचारले तर सांगतात, साहेबांना वेळ नसतो. आणि चित्रकाराला दिलेल्या पैशांत बैठका परवडत नाहीत. मग चित्र तयार होते, अनावरण होते, आणि वर्षातून दोनदा त्यावर असा हार चढतो, की चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकला जातो. कुणाचे काही अडत नाही. कारण पाहण्यासाठी ते नव्हतेच.

आम्हाला यात चित्रकलेच्या घसरणीपेक्षा मोठी गोष्ट दिसते. ज्यांना आपण थोर म्हणतो, त्यांच्याकडे पाहण्याची आपली तयारी नाही. पाहिले तर थकवा दिसेल, हट्ट दिसेल, एखादी भीती दिसेल. ते नको असते. म्हणून आपण नमस्कार करतो. नमस्कारात डोळे मिटता येतात.

यावर आमची सूचना अगदी साधी आहे. हयात माणसाचा सत्कार करायचा, तर शाल आणि श्रीफळ खुशाल द्या. पण एखाद्या वर्षी तो खर्च वाचवून गावातल्या एखाद्या तरुण चित्रकाराला वीस बैठकांचे पैसे द्या, आणि सत्कारमूर्तींकडून वीस बैठकांचा वेळ मागा. त्यांना वेळ नसेल तर तैलचित्रही नको. आणि चित्र झाले की खालच्या पाटीवर दोन नावे लिहा, काढणाऱ्याचे आणि बसणाऱ्याचे, सारख्याच टायपात. त्याखाली बैठकांची संख्या. म्हणजे पुढच्या पिढीला कळेल, की या दोन माणसांनी इतके तास एकमेकांना दिले होते. ते चित्र चांगलेच होईल अशी हमी नाही. सत्कारमूर्ती कदाचित रागावतील. रागावू देत. कुणीतरी वीस वेळा आपल्यासमोर बसून आपल्याकडे लक्ष दिले, हा मान त्यांना शालीतून मिळणार नव्हता.

यापुढे भिंतीवर एखादे व्यक्तिचित्र दिसले, तर 'सारखं आलंय का' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. विचारा, हे कुणाचं? कोण बसले होते, त्याला नाही म्हणता आले असते का, कोण पाहत होते, किती वेळ, आणि आता ते कुणाच्या ताब्यात आहे. उत्तरे मिळतीलच असे नाही. पण प्रश्न विचारेपर्यंत तुम्ही त्या चेहऱ्यासमोर दोन मिनिटे जास्त उभे राहाल. त्या भिंतीवरच्या माणसाचे तेवढे देणे आपल्याकडे आहे.

वेळ संपत आली आहे, आणि दोन-तीन हात वर झालेले दिसताहेत. प्रश्नांना सुरुवात करू.